ओळखीचे तारण

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात या शहरातील उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या, आणि तेव्हाच्या औरंगाबादचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहारासाठी एका मोठ्या सरकारी बँकेने ७ टक्के व्याजाने कर्ज दिले होते. याच सुमारास ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट दर मोजावा लागे आणि शहागंजात फळांची गाडी लावणाऱ्याला तर बँकेच्या दारात कोणी उभे करीत नसे, याकडे तेव्हा काही विचारवंतांनी लक्ष वेधले होते. परंतु त्या व्यवहारातील एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. धनवंतांनासुद्धा सवलतीचा दर एकेकट्याने मिळाला नाही. मागणी एकत्र केली, एकमेकांच्या भरवशावर एका आवाजात बोलणी केली, तेव्हा तो मिळाला. हेच तत्त्व ज्यांच्याजवळ मोटार नाही, घर नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, अशा माणसांसाठी राबवावयाचे ठरविले, की पतसंस्था जन्मास येते.

औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट, सिडको, टी. व्ही. सेंटर, पुंडलिकनगर, बजाजनगर, कोणत्याही वस्तीतून फिरा. किराणा दुकानाच्या माडीवर किंवा व्यापारी संकुलाच्या तळमजल्यावर ‘मर्यादित’ या शब्दाने संपणारी एक तरी पाटी दृष्टीस पडतेच. नागरी, ग्रामीण बिगरशेती, महिलांच्या आणि पगारदार नोकरांच्या असे या संस्थांचे मुख्य प्रकार होत. बाहेरून पाहणारास त्या बँकेसारख्या भासल्या, तरी कायद्याने त्या बँका नाहीत. त्यांचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतो, त्यांच्यावर देखरेख सहकार खात्याच्या निबंधकाची असते, आणि त्यांचा व्यवहार सर्वस्वी सभासदांशी असतो. कोणाजवळ पाच भाग असोत की पाचशे, वार्षिक सभेत मत प्रत्येकाला एकच. एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक भाग एका व्यक्तीला धारण करता येत नाहीत, हा निर्बंधही याच हेतूने घातलेला आहे.

ही कल्पना या भूमीत कोठून आली, याचा मागोवा घेणे उद्बोधक आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून त्यांचे रोखे आणि खतावण्या जाळल्या, आणि पाहता पाहता ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. १८७९ साली इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला खरा. पण सावकाराचा हात आखडल्यानंतर नडीला पैसा द्यावयाचा कोणी, हा प्रश्न त्या कायद्याने सुटला नाही. तो सोडविण्याचा मार्ग जर्मनीत सापडला होता. १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे रायफायझेन या गृहस्थाने गावकऱ्यांची एक पतपेढी उभारली होती, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या कर्जाची जोखीम सामाईकपणे पत्करावी, एवढ्याच साध्या पायावर ती उभी होती. मद्रास इलाख्यातील फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९० नंतरच्या दशकात या पद्धतीचा अभ्यास करून हिंदुस्थानासाठी तिची शिफारस केली आणि १९०४ साली पहिला सहकारी पतसंस्था कायदा मंजूर झाला. तथापि सरकारला जाग येण्यापूर्वीच, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यातील मराठी मंडळींनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली होती, हे आपण अभिमानाने स्मरले पाहिजे.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे इंग्रजी मुलखातील कायदे येथे लागू नव्हते. हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र सहकारी पतसंस्था कायदा १३२३ फसली, म्हणजे १९१४ च्या सुमारास, अस्तित्वात आला. कायदा झाला म्हणून सावकारी हटली, असे मात्र नाही. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे सदस्य होते त्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ सालची देशाची जी मोजदाद केली, तीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेले कर्ज अवघे ३.१ टक्के आणि सावकारांकडून आलेले सुमारे ७० टक्के भरले. पोलीस कारवाईनंतरची ती पहिलीच वर्षे होती; १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्रात, तेव्हा सहकाराच्या बाबतीत पश्चिम महाराष्ट्राहून तो निदान एक पिढी मागे होता. ही पिछाडी भरून काढण्याची खटपट साखर कारखाने आणि जिल्हा बँका यांनी आपल्या परीने केली. शहरातील छोट्या माणसासाठी ती पतसंस्थांनी केली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९०७ साली बॉस्टन शहरातील एडवर्ड फाइलीन नावाचा व्यापारी जगप्रवासाला निघाला असता हिंदुस्थानात आला, आणि बंगालमधील खेड्यांत नव्यानेच निघालेल्या सहकारी पतपेढ्या त्याने प्रत्यक्ष पाहिल्या. कंगाल शेतकरी एकमेकांना जामीन राहून कर्ज घेतात आणि फेडतात, या दर्शनाने तो इतका भारावला की स्वदेशी परतल्यावर त्याने या चळवळीस वाहून घेतले. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९०९ साली झालेल्या पतसंस्था कायद्यामागे, कॅनडातील देजार्दां यांच्या बरोबरीने, त्याचाही मोठा वाटा होता. आज अमेरिकेत कोट्यवधी लोक ज्या संस्थांचे सभासद आहेत, त्यांच्या वंशावळीत अशा रीतीने आपल्याकडील खेड्यांचाही अंश आहे.

पतसंस्थेचे खरे रूप पाहावयाचे तर तिच्या कार्यालयात न जाता दिवेलागणीला बाजारपेठेत उभे राहावे. त्या वेळी पिग्मीवाला फेरीवर असतो. पूर्वी त्याच्या हाती तारखांचे रकाने आखलेले पुठ्ठ्याचे कार्ड असे, आणि रक्कम लिहून तो आपली आद्याक्षरे करी. आता तळहाताएवढे यंत्र असते आणि त्यातून पावतीची चिठ्ठी बाहेर पडते. चहाच्या टपरीवर पन्नास, फुलवालीकडे तीस, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोनशे, असे करीत तो पुढे सरकतो. फुलवाली गल्ल्यात न पाहता पदराच्या गाठीतले पैसे सोडून देते, कारण दिवसाच्या कमाईतून ते तिने दुपारीच निराळे काढून ठेवलेले असतात. या पद्धतीचे मूळ उडुपीत आहे. १९२८ साली तेथील एका बँकेने रोज दोन आणे दारावर येऊन गोळा करण्याची योजना काढली आणि ती दक्षिणेतून महाराष्ट्रभर पसरली. बँकेच्या काउंटरवर तीस रुपये भरावयास जाणाऱ्या बाईचा अर्धा दिवस बुडतो. पिग्मीवाल्याने तो वाचविलेला असतो. परंतु याहूनही महत्त्वाचे असे, की वर्षभर रोज तिच्यासमोर उभा राहिलेला हा माणूस तिच्या धंद्याचा चढउतार जाणतो. कोणत्या महिन्यात तिने खाडा केला आणि का केला, हे त्याला ठाऊक असते. उद्या ती कर्ज मागावयास आली, तर तिच्याजवळ विवरणपत्रे नसली तरी हा साक्षीदार असतो.

कर्जसमितीच्या बैठकीत हीच ओळख तारणाचे काम करते. अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या असतात, आणि संचालकांपैकी कोणीतरी अर्जदाराला नाही तर जामीनदाराला ओळखत असतो. कर्जाचा काही भाग भागभांडवलासाठी कापला जातो, त्यामुळे कर्जदार हा आपोआप संस्थेचा अधिक मोठा धनी होतो. हप्ता थकला तर प्रथम जामीनदाराचा निरोप जातो, नंतर संस्थेचे पत्र, आणि अखेरीस ज्याला सर्वजण ‘१०१ चा दाखला’ म्हणतात तो निबंधकाकडून मिळविला जातो. त्या दाखल्यावर वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. माझ्या मते ज्या संस्थेला असे दाखले वारंवार काढावे लागतात, तिने वसुलीपेक्षा कर्जवाटपाकडे अधिक पाहावे.

पगारदार नोकरांच्या संस्थांचे काम याहून सोपे आहे. शिक्षक, महापालिकेचे कर्मचारी, एस. टी. चे चालक-वाहक, चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतील कायम कामगार यांच्या पगारातूनच, कायद्याच्या ४९ व्या कलमान्वये, हप्ता परस्पर कापून संस्थेकडे येतो. मुलीचे लग्न, मुलाची अभियांत्रिकीची फी, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, या तीन कारणांसाठी हजारो संसारांना या संस्थांनी सावकाराच्या उंबऱ्यापासून दूर ठेवले. कित्येक संस्था सभासदांकडून अल्प वर्गणी घेऊन कल्याण निधी बाळगतात आणि सभासद अकाली गेला तर त्याच्या कर्जाचा बोजा त्या निधीतून उचलतात. विधवेच्या दारी वसुलीची नोटीस न जाणे, यासारखी दुसरी समाजसेवा मला ठाऊक नाही. पण कारखान्यांच्या दारातून आज जे आत शिरतात त्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे, आणि कंत्राट बदलले की पगार देणारा बदलतो. मग कपात करावयाची कोणी? असा कंत्राटी तरुण पगारदारांच्या संस्थेत बसत नाही, आणि रात्री भ्रमणध्वनीवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळतो. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी नियम घातले; तरी बजाजनगरच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलाला नियमापेक्षा ओळखीचा माणूस हवा आहे. येथील पतसंस्थांनी हे क्षेत्र मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संस्थांच्या सामाजिक कार्याचे वर्णन अहवाल पुस्तिकांतून पुष्कळ सापडते: गुणवंत पाल्यांचा सत्कार, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, शीतशवपेटी, दुष्काळात पाण्याचे टँकर. ही कामे स्तुत्यच आहेत. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत ज्यांनी मराठवाड्यातील रिकाम्या हंड्यांच्या रांगा पाहिल्या, ते टँकरला कमी लेखणार नाहीत. मात्र अधिनियमाने या कामांचा क्रम ठरवून दिला आहे आणि तो मोठा शहाणपणाचा आहे. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा प्रथम राखीव निधीत गेला पाहिजे. लाभांश सर्वसाधारणतः १५ टक्क्यांवर देता येत नाही. आणि धर्मादाय वा लोकोपयोगी कार्यासाठी राखीव निधीची तरतूद झाल्यावरच, नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत, तीही मंजुरीने, रक्कम बाजूला काढता येते. अर्थात ठेवीदाराचे रक्षण आधी आणि दातृत्व नंतर.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, ते या शहराने पाहिले. जुलै २०२३ मध्ये येथील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे २०० कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदला गेला आणि आयुष्याची पुंजी अडकलेले ठेवीदार रस्त्यावर उतरले. त्यांत निवृत्तीची रक्कम ठेवणारे होते, मुलीच्या लग्नासाठी साठविणारे होते. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, ही गोष्ट अनेकांना तेव्हा प्रथमच कळली. जी ओळख फुलवालीला विनासायास कर्ज मिळवून देते, तीच ओळख संचालकांच्या आप्तेष्टांनाही विनातारण कर्ज मिळवून देऊ शकते; दोन्हींत भेद करणारी वस्तू एकच, ती म्हणजे उघडे दफ्तर. ओळखीवर चालणाऱ्या संस्थेत हिशेब मात्र अनोळखी माणसाने तपासावयाचा असतो.

महिलांच्या बचत गटांनी हे भान अधिक चांगले राखले आहे, असे माझे निरीक्षण आहे. सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळासारख्या संस्थेने शहरातील वस्त्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत जे गट बांधले, किंवा १९९२ पासून नाबार्डने जे गट बँकांशी जोडले, त्यांत दरमहा सर्वांसमोर पैसे मोजले जातात आणि वहीत सर्वांसमोर नोंद होते. दहा-पंधरा जणींच्या त्या बैठकीत लपवावयास जागाच नसते. जिला लिहिता येत नाही तिलाही गटाची शिल्लक तोंडपाठ असते.

मोठ्या पतसंस्थेच्या सभासदाला हे तोंडपाठ असणे शक्य नाही, म्हणूनच कायद्याने त्याला हक्क दिले आहेत, आणि ते वापरणारे फार थोडे आहेत. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते. दिवाळीत हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत ती होऊन गेलेली असेल आणि अहवाल पुस्तिका बहुधा घरातच कोठेतरी पडलेली असेल. ती उघडून लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ आहे की ‘क’, थकबाकी गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, त्यासाठी तरतूद किती केली आणि संचालकांना व त्यांच्या नातलगांना दिलेले कर्ज किती, एवढे चार आकडे शोधावेत. ते पुस्तिकेत नसतील, तर ३२ व्या कलमाप्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, विनाशुल्क, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, संचालकांची यादी, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी पाहता येतात. त्यासाठी वकील लागत नाही. सभासद क्रमांक सांगावा आणि दफ्तर मागावे.