शरीररचना परिचय – लेखांक नववा : खांद्याचा सांधा

गेल्या लेखांकात खुब्याच्या सांध्याचा विचार केला, तेव्हा मांडीच्या हाडाचे गोल डोके खोल खोबणीत कसे गच्च बसलेले असते ते आपण पाहिले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात संधींचे जे आठ प्रकार वर्णिले आहेत, त्यांत खुबा आणि खांदा या दोहोंची गणना ‘उलूखल’, म्हणजे उखळासारख्या, सांध्यांत केलेली आहे. वर्गीकरण यथार्थच आहे. परंतु ही उपमा खुब्याला जितकी शोभते तितकी खांद्याला शोभत नाही, कारण खवाट्याच्या हाडावरील खोबण इतकी उथळ आणि तोकडी असते की भुजास्थीच्या डोक्याचा फार तर तिसरा हिस्सा एका वेळी तिला टेकलेला असतो. तिच्या काठाला तंतुमय कूर्चेची कड असल्यामुळे खोली थोडी वाढते खरी, पण भोवतालचा संधिकोश पुन्हा सैलच.

हाडांनी जी जबाबदारी टाळली ती स्नायूंवर येऊन पडली. खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड स्नायू सर्वांच्या नजरेत भरतो आणि तालमीत त्याचेच कौतुक होते. तथापि खरा बंदोबस्त खवाट्यावरून निघणाऱ्या चार लहान स्नायूंकडे आहे. वरून सुप्रास्पायनॅटस, मागून इन्फ्रास्पायनॅटस व टेरीस मायनर आणि पुढून सबस्कॅप्युलॅरिस यांच्या कंडरा भुजास्थीच्या डोक्याला तीन बाजूंनी वेढून त्यास खोबणीत दाबून धरतात. हे दाबणे नसते, तर हात बाजूला उचलताना डेल्टॉइडच्या ओढीने ते डोके वरच्या हाडावर जाऊन आदळले असते.

एखादे मूल उघड्या अंगाने हात वर नेत असता त्याची पाठ पाहावी : खवाट्याचे खालचे टोक हळूहळू बाहेर व पुढे सरकताना स्पष्ट दिसते. हात शरीरालगतपासून थेट डोक्यावर नेण्याच्या सुमारे १८० अंशांपैकी १२० अंश या सांध्याचे आणि ६० अंश खवाट्याच्या फिरण्याचे, असा ढोबळ हिशेब आहे.

वेढा तीन बाजूंनी आहे असे वर म्हटले. चौथी, म्हणजे खालची बाजू उघडी आहे. हात वर व बाहेर असता जोराचा हिसका बसला म्हणजे डोके तिकडून निसटते आणि बहुधा पुढच्या अंगाला जाऊन बसते. बर्नचे शस्त्रवैद्य कोखर यांनी १८७० साली असा खांदा बसविण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात कोपर दुमडून हात बाहेरच्या बाजूस फिरविण्यावर भर होता. आपल्याकडे हे काम पुष्कळदा आखाड्यातील वस्तादाकडे जाते, आणि तो हात ओढून मोकळा होतो. पण डेल्टॉइडला चेतना पुरविणारी तंत्रिका भुजास्थीच्या मानेला विळखा घालून तेथूनच जाते, हे त्याच्या गावी नसते. ती दुखावली तर दंडाच्या वरच्या बाहेरील भागाची त्वचा बधिर होते. म्हणून जाणता डॉक्टर खांद्याला हात घालण्यापूर्वी तेथे कापसाचा बोळा फिरवून रोग्याला विचारतो, आणि खांदा बसल्यावर पुन्हा विचारतो.