प्रतिसाद कशाला म्हणावे? वर्ध्यातील शुभवर्तमानाचा मागोवा

ख्रिस्ती परंपरेत ‘शुभवर्तमान’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावे असलेल्या येशूच्या चार चरित्रग्रंथांना शुभवर्तमाने म्हणतात आणि त्या ग्रंथांचा गाभा असलेल्या वार्तेलाही तेच नाव आहे. देवाचे राज्य जवळ आले आहे, म्हणून माणसाने पश्चात्ताप करावा, म्हणजे झाल्या गोष्टीची नुसती हळहळ न करता आयुष्याची दिशाच पालटावी, असे ती वार्ता सांगते. ही वार्ता ऐकणाऱ्याने नेमके काय केले म्हणजे त्याने तिला प्रतिसाद दिला असे म्हणायचे, हा प्रश्न भारतात मिशनांच्या आगमनापासून वादाचा राहिला. विदर्भातील वर्धा या जिल्ह्याच्या ठिकाणी १९३४ पासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्याची जी चर्चा झाली, तिच्याइतकी कसदार चर्चा महाराष्ट्रात क्वचितच कोठे झाली असेल. विशेष म्हणजे ती चर्चमध्ये झाली नाही. आश्रमात आणि ग्रामोद्योगाच्या आवारात झाली.

या चर्चेपूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या लोककथा आणि या प्रदेशातील भूस्तर यांचा अभ्यास केला, आणि सप्टेंबर १८६३ मध्ये बोरीजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो त्याच्या आदल्या वर्षी. या मिशनरींच्या दृष्टीने प्रतिसादाची खूण स्पष्ट होती : श्रद्धेची जाहीर कबुली, पाण्याने बाप्तिस्मा आणि मंडळीत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजात, प्रवेश. ही खूण अपुरी आहे असे मराठीत सर्वांत ठामपणे सांगणारा माणूस स्वतः बाप्तिस्मा घेतलेला होता. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो ते नागपूर सोडून राजनांदगावला निघाले असताना, आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, परंतु १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही त्यात जागा दिली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार विरला. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र दीड दशकानंतर वर्ध्यात वेगळ्या माणसांनी पुन्हा हाती घेतला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली, तिचे मगनवाडी असे नाव पडले, आणि संघाचे काम जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांच्याकडे आले. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी जवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. वस्तीचा मोठा भाग दलितांचा असलेले हे गाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. मगनवाडी आणि सेवाग्राम येथील कार्यकर्त्यांत ख्रिस्ती माणसे थोडीथोडकी नव्हती. कुमारप्पा आणि त्यांचे बंधू भारतन हे तमिळ ख्रिस्ती, नई तालीमचे म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या पद्धतीचे सूत्रधार ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, तर गांधीजींच्या पत्रव्यवहाराचा भार वाहणाऱ्या राजकुमारी अमृत कौर या कपूरथळ्याच्या राजघराण्यातील ख्रिस्ती शाखेच्या होत्या. पुढे नई तालीमच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी आलेल्या मार्जोरी साइक्स या क्वेकर पंथाच्या, म्हणजे धर्मगुरू व संस्कारविधी न मानता मौन उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या होत्या. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिला, तेव्हा गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसले : येशूची काळ्या-पांढऱ्या रंगातील छापील तसबीर, आणि तिच्याखाली तो आपली शांती आहे अशा अर्थाचे, पौलाच्या नावे असलेल्या एका पत्रातील शब्द.

ही तसबीर लावणाऱ्या माणसाचा धर्मांतराला मात्र कडवा विरोध होता. त्या विरोधाची खरी कसोटी नोव्हेंबर १९३६ मध्ये लागली. त्याच्या आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती आणि अस्पृश्य समाज कोणत्या धर्माकडे वळणार याकडे सर्वांचे डोळे लागले होते. अशा वेळी जागतिक मिशन चळवळीचे अग्रणी जॉन मॉट सेगावला आले. मॉट यांच्या मते शुभवर्तमान सांगणे हे ख्रिस्ती माणसाचे टाळता न येणारे कर्तव्य होते, आणि ते दलितांना सांगण्यात काहीच गैर नव्हते. गांधीजींचे म्हणणे असे की, सेवा करावी, पण सेवेच्या आडून धर्म बदलायला लावू नये, आणि जीवनातून जे बोलते ते तोंडाने सांगण्याची गरज नसते. इथवर हा दोन सुसंगत भूमिकांमधील मतभेद होता. पण पुढे जाऊन त्यांनी मॉट यांना विचारले की, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल काय. काही अस्पृश्यांची समज तर गाईपेक्षाही कमी आहे.

हे उद्गार ‘हरिजन’मध्ये छापून आले आणि दुखावलेल्यांत गांधीजींचे स्वतःचे सहकारीही होते. गांधीजींनी नंतर खुलासा केला, परंतु विधान मागे घेतले नाही. उलट दलितांनाच काय, भारतातील बहुसंख्य जनतेलाही ख्रिस्ती धर्माची मांडणी समजणार नाही आणि त्यांची धर्मांतरे सहसा आध्यात्मिक नसतात, असा त्याचा विस्तार केला. हा युक्तिवाद टिकणारा नाही. शुभवर्तमानांत येशूची वार्ता प्रथम ऐकतात ते कोळी, जकातदार आणि कुष्ठरोगी, आणि तिचा अर्थ लावण्यात चुकतात ते शास्त्री. त्यामुळे निरक्षर माणसाला ती समजणार नाही हे म्हणणे त्या ग्रंथांच्याच विरोधात जाते. तेलुगू प्रदेशातील दोर्णकलचे बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरया हे खेड्यापाड्यांतील दलित मंडळ्यांमध्ये घडलेला बदल पुराव्यादाखल ठेवीत आले होते, तर आंबेडकरांनी गांधीजींच्या आक्षेपांची स्वतंत्रपणे आणि कठोरपणे चिकित्सा केली. सेगावातील दलितांना या वादात कोणी काही विचारल्याचे दिसत नाही, आणि ही या साऱ्या चर्चेची सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळच्या तांबरम येथे जागतिक मिशन परिषद भरली, तेव्हा मॉट आणि इतर काही प्रतिनिधी पुन्हा सेगावला येऊन गेले. परंतु तोवर युरोपवर युद्धाचे सावट आले होते आणि बोलण्याचा ओघ हिटलरपुढे अहिंसेचे काय चालणार या प्रश्नाकडे वळला.

मॉट आणि गांधी यांच्या वादापेक्षा मगनवाडीतील कुमारप्पांनी दिलेले उत्तर अधिक मोलाचे आहे, कारण ते बाहेरून आलेल्याचे नाही आणि येशूचा अनुयायी नसलेल्याचेही नाही. कुमारप्पांचा जन्म १८९२ मध्ये तंजावरचा. लंडनमध्ये हिशेबतपासनीस होऊन आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ते १९२९ मध्ये गांधीजींना भेटले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी भारतातील ख्रिस्ती कार्यकर्त्यांना अहिंसेच्या बाजूने उभे राहण्याचे आवाहन केले, आणि सत्याग्रह येशूच्या शिकवणुकीला धरून नाही असे कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांनी कळवल्यावर त्यांनाही सडेतोड उत्तर दिले. ‘छोडो भारत’ आंदोलनात झालेल्या कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूचे आचरण आणि शिकवण यांवरचे, दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचे. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. पहिल्या पुस्तकात येशूला अनुसरणे आणि चर्चच्या संस्थेला अनुसरणे यांत ते स्पष्ट फरक करतात. दुसऱ्यात ते निसर्गातील व्यवहारांचे प्रकार पाडतात : परोपजीवी, लुटारू, स्वतःच्या श्रमावर जगणारा, समूहासाठी राबणारा आणि मोबदल्याची अपेक्षा न करता देणारा. अखेरचा प्रकार त्यांना सर्वांत वरचा वाटतो आणि त्याचे उदाहरण ते पिलाला वाढवणाऱ्या आईचे देतात. ही दोन पुस्तके एकाच तुरुंगात, एकाच काळात लिहिली गेली, हा योगायोग मानणे कठीण आहे. मगनवाडीत घाण्यावर तेल काढले जाई, तांदूळ हाताने सडला जाई, हातकागद तयार होई, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ वापरात आणला गेला. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. ती भाकर कोणाच्या श्रमाने आणि कोणाला न लुटता ताटात येते याचा हिशेब ठेवणे, हा कुमारप्पांच्या लेखी शुभवर्तमानाला दिलेला प्रतिसाद होता. त्यात पश्चात्तापाचा मूळ अर्थ, म्हणजे दिशा पालटणे, शब्दशः उतरला आहे.

एस. के. जॉर्ज यांचा मार्ग याहून अवघड ठरला. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील या अभ्यासकाने सविनय कायदेभंगाच्या काळात कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील अध्यापकपद सोडले होते, आणि गांधीजी ख्रिस्ती धर्मापुढे कोणते आव्हान उभे करतात यावर १९३९ मध्ये पुस्तक लिहिले. सत्याग्रहात त्यांना वधस्तंभाचा, म्हणजे दुसऱ्याच्या सुटकेसाठी स्वतः दुःख सोसण्याचा, जिवंत प्रयोग दिसत होता. पुढे ते वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९५४ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तिच्यावरील एकमेव ख्रिस्ती सदस्य म्हणून जॉर्ज यांची नेमणूक झाली. समितीच्या १९५६ मधील अहवालाने धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनरींना परत पाठवावे अशी शिफारस केली आणि ख्रिस्ती समाजातून त्यावर पक्षपाताचा आरोप झाला. जॉर्ज यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण बाप्तिस्म्याविना येशूला अनुसरण्याचा विचार आणि कोणी बाप्तिस्मा घ्यावा यावर शासनाने नजर ठेवण्याचा विचार यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्या अहवालाने ते अंतर पुसट केले.

अहवाल आला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवरील नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अस्पृश्यांना धर्म निवडण्याची समज नाही, या वीस वर्षांपूर्वी सेगावात केलेल्या विधानाचे हे उत्तर होते. तो कौल ख्रिस्ती शुभवर्तमानाच्या बाजूने गेला नाही, परंतु निवडीचा अधिकार आणि कुवत मात्र त्याने निर्विवाद सिद्ध केली. लगेच १ नोव्हेंबरला वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्यामुळे मध्यप्रदेशात १९६८ मध्ये झालेला धर्मांतरविषयक कायदा येथे लागू झाला नाही. कुमारप्पांचे निधन ३० जानेवारी १९६० रोजी झाले. त्यानंतर येशूला चर्चबाहेर अनुसरण्याचा हा विचार जिवंत राहिला तो धाम नदीकाठच्या पवनारला. तेथे विनोबांनी इतर धर्मग्रंथांच्या सारांबरोबर नव्या करारातील निवडक वचनांचा ‘ख्रिस्तधर्म-सार’ हा संग्रह सिद्ध केला, आणि त्यांच्या नाममालेत ईश्वराला येशूने दिलेले पिता हे संबोधनही आहे.

आज वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि केवळ या आकड्यावरून पाहणाऱ्याला येथे शुभवर्तमानाला प्रतिसाद मिळालाच नाही असे वाटेल. तो निष्कर्ष काढण्यापूर्वी अभ्यासकांनी कुमारप्पांची तुरुंगात लिहिलेली दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, आणि त्यांच्यासोबत आंबेडकरांची गांधीजींच्या आक्षेपांवरील चिकित्साही वाचावी; यांपैकी एकच बाजू वाचून वर्ध्याचा हा इतिहास लिहिता येणार नाही.