रस्त्यावरील 'स्टॉप' आणि त्यामागील दाखला

न्यू साऊथ वेल्स राज्यात जेथे जेथे रस्त्याचे खोदकाम किंवा डांबरीकरण चालू असते, तेथे एका अंगास तांबडा 'स्टॉप' व दुसऱ्या अंगास पिवळा 'स्लो' अशी दुतोंडी बॅट हाती धरून उन्हात तासन्‌तास उभा असलेला इसम पाहिला, म्हणजे या कामास दोन धड पाय आणि थोडी सहनशक्ती यांपलीकडे काही लागत नसावे, असे कोणाही वाटसरूस वाटावे. सिडनीस शिकावयास गेलेल्या व फावल्या वेळच्या रोजगाराच्या शोधात असलेल्या मराठी तरुणांचाही असाच समज असल्यास नवल नाही.

वस्तुस्थिती अशी की बांधकामावर पाऊल टाकण्यास लागणारे, 'व्हाइट कार्ड' म्हणून परिचित असलेले सुरक्षिततेचे पत्र आधी पदरी असावे लागते, आणि त्यानंतर वाहतूक-नियंत्रणाचे निराळे शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्यावे लागते. पण वर्ग संपला की माणूस तयार झाला, हा त्याहून मोठा भ्रम होय. वर्गाच्या अखेरीस हाती पडते ते मर्यादित मुदतीचे अभ्यासपूर्तीचे पत्र. त्याच्या आधारे उमेदवाराने देखरेखीखाली प्रत्यक्ष रस्त्यावर काम करावयाचे, तेथे परीक्षकाने त्याचे मूल्यमापन करावयाचे, आणि त्यात तो उतरला तरच 'सेफवर्क एनएसडब्ल्यू' या सरकारी खात्याकडून कार्ड मिळावयाचे, असा हा क्रम आहे.

हा दुसरा टप्पा खात्याने उगाच घातलेला नाही. उभे कोठे राहावे, म्हणजे दुरून येणाऱ्या चालकास आपण वेळेवर दिसू आणि तरीही त्याच्या मार्गात असणार नाही. येणाऱ्या वाहनांकडे पाठ का करू नये. एखादी गाडी थांबलीच नाही तर कोणत्या बाजूस निसटावे, ती वाट उभे राहण्यापूर्वीच कशी हेरून ठेवावी. आणि रस्त्याची एकच पट्टी खुली असता, पलीकडच्या टोकाच्या सोबत्याने शेवटची गाडी कोणती हे रेडिओवरून कळवीपर्यंत व ती गाडी डोळ्यांसमोरून जाईपर्यंत 'स्टॉप' फिरवण्याचा मोह कसा आवरावा, हे सारे पुस्तकात वाचून पाठ होते खरे, परंतु मागे भोंगे वाजू लागले की पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. माझ्या मते या व्यवसायाचे खरे कौशल्य हातात नसून या धीरात आहे.

एक कार्ड मिळाले म्हणजे रस्त्याचा सारा बंदोबस्त आपल्या अखत्यारीत आला, असेही कित्येकांस वाटते. येथे प्रशिक्षणाचे तीन निरनिराळे दर्जे आहेत: बॅट धरून वाहने थांबवणारा एक, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे फलक व शंकू मांडून घेणारा दुसरा, आणि तो आराखडाच तयार करणारा तिसरा. पहिल्याने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. फलक चार पावले अलीकडे सरकवणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण चालकाला सावध होण्यास मिळणारे अंतर तेवढ्यानेच घटते.

कार्डाची मुदत 3 वर्षांची असते, तहहयात नव्हे. ते राज्याचे असल्याने क्वीन्सलँडादी अन्य राज्यांत जाण्यापूर्वी तेथील खात्याचे नियम पाहावेत. शिवाय हे कार्ड म्हणजे नोकरीचा हक्क नव्हे की व्हिसाची सवलतही नव्हे: विद्यार्थी व्हिसावरील तरुणास शिक्षणसत्र चालू असता पंधरवड्यास 48 तासांची मर्यादा आहे, ती कार्डाने वाढत नाही.

उरला चालकांचा गैरसमज. बॅट धरणारा नियंत्रक पोलीस नाही, तेव्हा त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही, असे म्हणणाऱ्यांनी न्यू साऊथ वेल्सच्या 2014 च्या रस्ता-नियमांतील 101 वा नियम वाचावा. हाती धरलेल्या 'स्टॉप' फलकापाशी पोहोचण्यापूर्वी गाडी थांबवणे चालकावर बंधनकारक आहे. नियंत्रकास दंड करण्याचा अधिकार नाही, हे खरे. पण त्यामुळे चालकाची कसूर माफ होत नाही.

या कामाकडे वळू पाहणाऱ्याने शुल्क भरण्यापूर्वी संस्थेस दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आपणास सेफवर्कची मान्यता आहे काय, आणि रस्त्यावरील मूल्यमापन याच शुल्कात आहे काय. दुसऱ्या प्रश्नास गोलमाल उत्तर मिळाले, तर पैसे खिशातच ठेवावेत.