भाजलेली जखम भरते, मग सांधा का आखडतो?

भिलाई : भिलाई पोलाद प्रकल्पात ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन गॅसवाहिनीला लागलेल्या आगीत दहाहून अधिक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. होरपळलेल्यांना सेक्टर-९ मधील प्रकल्पाच्या रुग्णालयात हलवण्यात आले. अशा खोल भाजण्यातून वाचलेल्यांची खरी कसोटी अनेकदा जखम भरल्यानंतर सुरू होते. मान छातीकडे ओढली जाते, कोपर सरळ होत नाही, बोटे वाकडी होतात.

याचे कारण पेशींच्या ताण ओळखण्याच्या क्षमतेत आहे. जखमेतील फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे तयार करतात आणि ते धरून ओढतातही. धागे ताठ लागले, की त्यांचे स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्टमध्ये रूपांतर होते. जूलिओ गाबियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या पेशींचे वर्णन केले होते. त्यांच्या खेचण्याने धाग्यांच्या जाळ्यात अडकलेले टीजीएफ-बीटा हे प्रथिन मोकळे होते आणि आणखी पेशींना तोच बदल करायला लावते. ऊती जितकी ताठ, तितकी खेच अधिक. साधी जखम बंद झाल्यावर मायोफायब्रोब्लास्ट नष्ट होतात. खोल भाजल्यास ते महिनोन्महिने टिकू शकतात.

म्हणूनच डॉक्टर स्प्लिंट लावून सांधा ताणलेल्या स्थितीत ठेवतात, नियमित व्यायाम करून घेतात. रुग्णाला मात्र सांधा दुमडूनच आराम वाटतो, आणि त्याच स्थितीत त्वचा आखडत जाते. घरी गेल्यावर स्प्लिंट काढून ठेवण्याचा मोह म्हणूनच महागात पडतो. आखडलेला व्रण सोडवण्यासाठी पुढे शस्त्रक्रिया करावी लागते.