तांबड्या स्फटिकातील बंदोबस्त

उरल पर्वतातील जे खनिज 1839 साली गुस्ताव रोझे यांनी ओळखले, त्याची अणुरचना पुढे पदार्थांच्या एका अफाट कुळाची ओळख ठरली आणि पेरोव्स्काइट हे त्या खनिजाचे नाव सगळ्या कुळाला लागले. संपादकांच्या सूचनेवरून मी या कुळाचे दप्तर चाळावयास घेतले खरे, परंतु माझे चित्त खिळून राहिले ते सीझियम, बिस्मथ व आयोडीन यांच्या एका तांबड्या स्फटिकापाशी, ज्यात शिशाचा लवलेशही नाही.

क्ष-किरण अडवून त्यांचे थेट विद्युत्प्रभारात रूपांतर करावयाचे तर अणू जड हवेत. स्तनतपासणीच्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या सेलेनियमचा अणुक्रमांक अवघा 34, म्हणून प्रखर किरण त्यातून बहुतांशी निसटून जातात. शिशाचा 82, म्हणून शिसेयुक्त पेरोव्स्काइट त्यांना पातळ थरातच रोखून धरते. पण ते पाण्याने विघटित होऊन विषारी शिसे मोकळे करते, आणि त्याहून सूक्ष्म दोष असा की, विद्युत्दाब देताच इलेक्ट्रॉनांबरोबर आयोडीनचे आयनही स्थानभ्रष्ट होऊन सरकू लागतात, त्यामुळे किरण नसतानाही वाहणारा प्रवाह ढळत राहतो आणि मंद किरणांची खूण त्यात बुडून जाते.

बिस्मथ शिशाचा सख्खा शेजारी, अणुक्रमांक 83, आणि त्याचे काही क्षार पोटाच्या विकारावर औषध म्हणून दिले जातात इतके सौम्य; मात्र त्याच्या आयनावर दोनऐवजी तीन प्रभार असल्याने शिशाच्या जागी त्याची नेमणूक करताना जमाखर्च जुळत नाही. वूहानच्या संशोधकांनी 2017 साली निम्म्या जागी चांदी योजून हा हिशेब जुळवला. तांबड्या स्फटिकाने दर तीन जागांपैकी एक रिकामी सोडली, आणि तेवढ्याने आतला सारा बंदोबस्त पालटला: आयोडीनची अष्टफलके जोडीजोडीने विलग होऊन सीझियमच्या सागरात बेटांसारखी उरली. याच विलगतेमुळे या रचनेस शून्यमित म्हणतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्यास आयनांना जवळपास मज्जावच असतो, म्हणूनच शीआनच्या संशोधकांच्या 2020 मधील स्फटिकास सेकंदाला 130 नॅनोग्रे इतका क्षीण मारा ओळखता आला; वैद्यकीय निदानास साधारण 5.5 मायक्रोग्रे लागतो, म्हणजे चाळीस पटींहून अधिक. ही मजल मला खरोखर स्तिमित करते.

परंतु जी बेटे आयनांना अडवतात तीच आपल्या कामाच्या प्रभारांनाही सुखाने वाहू देत नाहीत. ते वाटेतच अडकतात. थर जाड केला तर किरण अधिक शोषले जातात, पण प्रभारांची वाट लांबते. दाब वाढवला तर अंधारातील प्रवाहही वाढतो. उत्तम स्फटिक द्रावणातून अतिशय सावकाश, नको तेथे बीज धरू न देता वाढवावा लागतो, आणि तो सेंटिमीटरांत मोजण्याइतकाच होतो. छातीच्या चित्रासाठी तर 35 बाय 43 सेंटिमीटरांचा फलक हवा. भुकटी दाबून मोठी तबकडी करता येते, पण कणाकणांच्या सीमांवर प्रभार अडकतात आणि त्याच सीमांवाटे आयनांना पुन्हा चोरवाट सापडते. यावरही मात झाली, तरी ही तबकडी वाचन-परिपथांच्या काचेवर, प्रत्येक बिंदूचा संपर्क अबाधित राखून आणि खालच्या नाजूक ट्रान्झिस्टरांना उष्णतेची झळ न लागू देता बसवावयाची आहे, आणि तूर्त प्रयोगशाळांचे बरेचसे श्रम याच सांध्यापाशी खर्ची पडत आहेत.