पंडिता रमाबाईंची आज्ञाधारकता

ख्रिस्ती धर्मात एक जुना वाद आहे. माणसाचे तारण केवळ विश्वासाने होते, की त्याला कृतीची जोड लागते? पौलाची पत्रे विश्वासाच्या बाजूने झुकतात, तर याकोबाचे पत्र विचारते की उघड्या-उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याच्या विश्वासाला अर्थ काय. मार्टिन ल्यूथरला हे दुसरे पत्र फारसे रुचले नव्हते. त्याच्या लेखी ते पेंढ्याच्या मोलाचे होते. चारशे-पाचशे वर्षे पंडित यावर भांडत आले. पण या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे क्रम. आधी विश्वास, त्यातून चारित्र्य, चारित्र्यातून आज्ञापालन आणि शेवटी सत्कर्म. हा क्रम माणसाच्या आयुष्यात खरोखर असाच चालतो का, हे तपासायचे तर मराठी मुलखातच एक उत्तम उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा क्रम जवळजवळ उलटा लागला, आणि त्यामुळेच त्यांचा विश्वास समजून घेण्याजोगा झाला, असे मला वाटते.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या विधवा होत्या आणि पदरी लहानगी मनोरमा होती. दुष्काळात आईवडील व बहीण गेलेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. संस्कृतच्या व्यासंगाने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या, पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला होता, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली होती. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की त्यांचे मन प्रथम हलले ते लंडनजवळच्या फुलम येथे. तिथे या भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करत होत्या, त्यांना हाकलून देत नव्हत्या की तुच्छ लेखत नव्हत्या. हे कशामुळे, असे विचारल्यावर उत्तरादाखल त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा आली. म्हणजे ग्रंथ नंतर उघडला गेला, प्रश्न आधी दिसलेल्या कामाने उभा केला. ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनी तात्त्विक शंका फिटल्या हे खरे, पण शंका विचारावीशी वाटण्यामागे फुलम होते. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता खरी गंमत पुढे आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या बाई आज्ञाधारक होतील, अशी त्यांच्या गुरुजनांची अपेक्षा होती. झाले भलतेच. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला पटत नाही, हे रमाबाईंनी लपवले नाही. भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आमच्या लोकांना न कळणारी लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते अनुचित ठरवले आणि रमाबाईंनी वाँटेजच्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांवर पत्रे लिहून तो निर्णय धुडकावला. मांसाहार तर त्यांनी कधीच पत्करला नाही. हा सारा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला आहे. तो वाचताना जाणवतो तो दोन्ही बाजूंचा जिव्हाळा आणि दोन्ही बाजूंचा हेका. सिस्टर जेराल्डिनना रमाबाई अहंकारी वाटत. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटलेल्या बाईने लगेच दुसरीपुढे मान का तुकवावी? सदसद्विवेकाची आज्ञा देवाकडून येते आणि बिशपाची आज्ञा तिच्या विरुद्ध जात असेल तर बिशपाचीच बाजूला ठेवावी लागते, इतका हा साधा तर्क होता. यात ल्यूथरचाच वारसा आहे, हे त्या अँग्लिकन भगिनींच्या ध्यानी आले असेल की नाही कोण जाणे.

अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी मदत उभी केली, बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था निघाली, दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली आणि मार्च 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठीचे शारदासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. आणि इथेच तो उलटा क्रम उघड होतो. रमाबाईंच्याच कबुलीप्रमाणे, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्याला त्या खरा अंतर्यामीचा अनुभव म्हणतात तो 1891 च्या सुमाराचा. तोवर सदन उभे होते, मुली शिकत होत्या, हिशेब, जेवणखाण, आजारपणे सगळे चालू होते. धर्मशास्त्रज्ञाला ही विसंगती वाटेल. पण डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीला खडकावर घर बांधणारा शहाणा कोण, तर ऐकून तसे करणारा, असेच सांगितले आहे; ऐकून पूर्ण पटेपर्यंत थांबणारा, असे म्हटलेले नाही. करता करता पटते, हा अनुभव धर्माच्या क्षेत्रात दुर्मीळ नाही. फक्त त्याची कबुली दुर्मीळ असते.

या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप पुण्यानेच घेतला होता. ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष होते, असा तो आक्षेप. शारदासदनात धर्माची सक्ती नव्हती, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तिथे येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी 1893 मध्ये सल्लागारपद सोडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. या आक्षेपाला ‘विरोधक सनातनी होते’ एवढे उत्तर पुरत नाही. रानडे-भांडारकर सनातनी नव्हते. ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही तिच्यासमोरचे उघडे दार पूर्णपणे तटस्थ असू शकत नाही, हे मान्य करायला हवे. पुढे दुष्काळानंतर रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावच्या मुक्तिसदनात आणलेल्या अनाथ मुलींबाबत तर हे अधिकच खरे आहे. अमेरिकन संस्थेची दहा वर्षांची मुदत संपल्यावर रमाबाईंनी तटस्थतेचा दावा सोडून संस्था उघडपणे ख्रिस्ती केली. माझ्या मते ते जास्त प्रामाणिक होते. मात्र आक्षेपाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभे आहे, गोदूबाई. शारदासदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. ती तिथे राहिली, शिकली आणि हिंदूच राहिली. 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ती महाराष्ट्राला माहीत झाली. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. आमिष हाच एकमेव हेतू असता तर ही मुलगी त्या हिशेबात तोट्यात गेली असे म्हणावे लागेल. रमाबाईंनी तसे म्हटल्याचे दिसत नाही.

केडगावचे काम तर थक्क करणारे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. लहानपणी स्वतः उपाशी रानोमाळ फिरलेल्या बाईला तिथे काय दिसले असेल ते वेगळे सांगायला नको. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातली वस्ती दोन हजारांच्या आसपास पोचली. इतक्या जणींना नुसते पोसायचे तरी किती! विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, तेलघाणा, छापखाना घातला. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेलचे शिक्षण सुरू केले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. तिथे फुलमची आठवण स्पष्ट दिसते. पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी बंदोबस्तात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी 1897 मध्ये वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली आणि गव्हर्नराची नाराजी ओढवून घेतली. इंग्रजांचा धर्म घेतला म्हणजे इंग्रजांचे मिंधेपण आले, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य पण अधिक खोल. सत्कर्मासाठी धर्म कशाला हवा? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कोणत्या चर्चच्या आज्ञेने शाळा काढल्या? सावित्रीबाई तर 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. पुढच्या आयुष्यात कर्व्यांनाही देवाची गरज भासली नाही. हे सगळे खरे, आणि ख्रिस्ती माणसाने ते नाकारू नये. त्याच्या ग्रंथातला आदर्श शेजारी हा याजक नाही, लेवीय नाही, यहुद्यांच्या दृष्टीने धर्मबाह्य असा शोमरोनी आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना आपण कुणाची सेवा केली याचा पत्ताच नसतो. सत्कर्माची मक्तेदारी या धर्माने सांगितलेलीच नाही. तो आपल्या अनुयायाकडून एवढेच मागतो, की त्याने आपला विश्वास या कसोटीबाहेर ठेवू नये. रमाबाईंनी तो ठेवला नाही, आणि म्हणून त्यांच्याविषयी वाद घालणे शक्य होते; ज्यांचा विश्वास केवळ मनात असतो त्यांच्याशी वाद तरी कशाचा घालणार?

एक शंका मात्र मलाही पुरती सोडवता येत नाही. ज्या बाईने कुणा बिशपाची आज्ञा निमूट ऐकली नाही, तिच्याच केडगावात हजारो जणींचा दिवस घंटेवर चालला आणि शेवटचा शब्द तिचाच राहिला. 1905 मध्ये तिथे प्रार्थनेची लाट उठली तेव्हा किती मुली मनापासून आल्या आणि किती जणी शेजारणीला पाहून, हे वेगळे काढणे अवघड आहे. तरीही ज्या कामात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घातली ते या प्रश्नाशी जोडलेले आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवले, आणि ते छापले मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी. प्रचलित मराठी बायबल शिकलेल्यांच्या भाषेत आहे, गावातल्या बाईला ते एकटीने वाचता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. चर्चमध्ये ते रुळले नाही; पण अक्षरओळख झालेल्या बाईला दुसऱ्या कुणाच्या अर्थावर विसंबावे लागू नये, मग तो अर्थ बिशपाचा असो की स्वतः रमाबाईंचा, अशी सोय त्यांनीच करून ठेवली होती.