पेशीतील पहारेकरी आणि आपले हृदय

हृदयविकार हा सुखवस्तू माणसांचा रोग होय, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. सुरतेच्या गोडादरा भागातील मराठी कुटुंबांना आता तसे म्हणून चालणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली माणसे येथे यंत्रमागांवर बारा बारा तासांची पाळी करतात. झोप अपुरी, जेवण अवेळी आणि खिशात तंबाखूची पुडी! अशा घरांतून हल्ली ‘तारुण्य टिकविणाऱ्या’ कॅप्सुलांची चर्चा ऐकू येते. एका पालकांनी तर रक्तदाबाची नेहमीची गोळी सोडून अशी कॅप्सूल सुरू केली होती. म्हणूनच तिच्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे वाटते.

आपल्या पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्न आणि प्राणवायू यांपासून त्या ऊर्जा निर्माण करतात. चूल पेटली की थोडा धूर व्हायचाच. तद्वत या भट्ट्यांतून प्राणवायूची काही उग्र रूपे बाहेर पडतात. ती मर्यादेबाहेर वाढली म्हणजे त्या अवस्थेस ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू ती नष्ट करतात आणि वाहिनीच्या भिंतीत शिरलेले कोलेस्टेरॉल बिघडवितात. ते गिळून पांढऱ्या पेशी फुगतात व तेथे मेदाचा थर साचत जातो. तंबाखू, मधुमेह व उच्च रक्तदाब या धुरात भरच घालतात.

या धुरावर पहारा ठेवणाऱ्यांत ‘सर्टुइन’ नावाची प्रथिने आहेत. मूळचे भारतीय असलेले अमर क्लार व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली अमेरिकेत यीस्टमधील एका जनुकाचे वर्णन केले. तेच पुढे ‘सर-२’ या नावाने प्रसिद्ध झाले. १९९९ साली लेनर्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेत या जनुकाची जादा प्रत मिळालेल्या यीस्टचे आयुष्य वाढल्याचे आढळले. माणसात अशी सात प्रथिने आहेत. इतर प्रथिनांना चिकटलेली एक रासायनिक खूण काढून ती त्यांचे काम बदलतात. त्यासाठी त्यांना एनएडी नावाचा पदार्थ लागतो आणि तो वयोमानाप्रमाणे घटतो. सात जणांपैकी सर्ट-१ रक्तवाहिनीत नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्यास चालना देते, तर सर्ट-३ तंतुकणिकेत धूर शमविणाऱ्या विकराला जागे करते.

या पहारेकऱ्यांचा आहाराशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाने २०२० साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, पोट भरलेले असताना शर्करेपासून बनलेला एक रेणू यकृतातील सर्ट-१ ला चिकटून त्याच्या कामाला आवर घालतो. भूक आणि भोजन यांचा हा ताल शरीराला हवा असतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या आपल्या म्हणीतील उपवासाने तो साधणार कसा? मधुमेहाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये.

मग सर्टुइन वाढविणारी गोळी का घेऊ नये? कारण अधिक म्हणजे उत्तम असे नव्हे. २००७ साली अमेरिकेतील एका प्रयोगात उंदरांच्या हृदयात सर्ट-१ साडेसात पटींपर्यंत वाढविले, तेव्हा हृदयाचे वार्धक्य मंदावले. साडेबारा पट वाढविताच ताण वाढून हृदय दुबळे झाले. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरट्रॉलवर भिस्त ठेवून ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ साली सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली. रेझव्हेरट्रॉलच्या औषधाचे काम २०१० मध्येच थांबले. साध्या ‘ई’ जीवनसत्त्वाची कथाही निराळी नाही. सुमारे साडेनऊ हजार जणांवरील चाचणीचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला; त्याने हृदयविकार टळला नाही.

या कॅप्सुलांनी माणसाचा हृदयविकार टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. रक्तदाबाच्या गोळीने मात्र तो धोका कमी होतो, हे अनेक चाचण्यांनी दाखविले आहे. तेव्हा ती गोळी मनाने बंद करू नये. तंबाखू सोडावी, रोज चालावे, रात्रीचे जेवण बेताचे ठेवावे आणि तिशीनंतर रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. छातीत दडपण आले, घाम फुटला, तर ‘गॅस’ म्हणून सोडा पीत बसू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रात्रपाळीच्या माणसाच्या घरच्यांनी तर हा क्रमांक मुलांकडून पाठच करून घ्यावा.